रस्ता शोधणारी रेघ

मित्रांनो, मी जुना झालो आहे, पण माझ्यावर गंज चढत नाही की धूळ बसत नाही; कारण मी एक प्रोग्रॅम आहे. डोंगरात अडकलेल्यांना सोडवणाऱ्या एका मदत केंद्राच्या संगणकात माझा मुक्काम असतो. माणूस कुठे आहे आणि कोणत्या दिशेने चालू शकतो, एवढं मला सांगायचं. मी नकाशावर त्या जागेपासून त्या दिशेला सरळ रेघ ओढतो. ती रस्त्यांना जिथे जिथे छेदते, त्यांतली सर्वांत जवळची जागा दाखवतो. रुग्णवाहिका तिथे जाऊन थांबते.

माझ्याआधी इथे दुसरा प्रोग्रॅम होता. तो दिशा विचारत नसे. कुठल्याही बाजूचा जवळचा रस्ता सांगून मोकळा होई. वायरलेसवर बसणारे काका म्हणत, "पठ्ठ्या रस्ता अगदी जवळचा सांगतो. मध्ये दरी आहे, एवढंच!" म्हणून नकाशांचं काम बघणाऱ्या ताईंनी मला लिहायला घेतलं. चाचणीसाठी त्यांनी ईशान्य दिशा निवडली, कारण त्या बाजूचे रस्ते सगळ्यांना पाठ होते. माझं उत्तर तंतोतंत बरोबर आलं. माझं भरपूर कौतुक झालं आणि मी कामाला लागलो.

पहिल्याच सकाळी एका मुलीचा फोन आला. डोंगरावर तिच्या वडिलांचा पाय मोडला होता.

"माझ्या खांद्याला धरून बाबा एकदाच चालू शकतील," ती म्हणाली. "परत फिरायचं बळ नाही त्यांच्यात. चालण्याजोगा उतार एकच आहे. फोनमधलं होकायंत्र नव्वद दाखवतंय."

ताईंनी तिची जागा आणि नव्वद अंश मला दिले. मी रेघ ओढली आणि जंगलातल्या एका रस्त्यावर खूण केली. चालकदादा किल्ली घेऊन दारात पोचलेसुद्धा.

"दादा, थांबा!" ताई पडद्याकडे बघत म्हणाल्या. "नव्वद म्हणजे पूर्व. ही रेघ उत्तरेला का गेली?"

"ताई, गाडी इकडे न्यायची का तिकडे?" चालकदादा म्हणाले. "दोन्हीकडे जाणारी गाडी अजून बाजारात आलेली नाही."

ताईंच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि त्या माझी एकेक ओळ वाचू लागल्या. त्यांना चूक सापडली. होकायंत्र उत्तरेपासून उजवीकडे अंश मोजतं. मला मात्र त्यांनी गणिताच्या वहीतल्यासारखं शिकवलं होतं: पूर्वेपासून सुरुवात आणि डावीकडे मोजणी. ईशान्य दोन्ही पद्धतींत पंचेचाळीस अंशांवरच येते. त्यामुळे चाचणीत काहीच कळलं नव्हतं.

त्यांनी माझी एक ओळ बदलली. आलेला अंश आता मी नव्वदातून वजा करणार होतो. रेघ पूर्वेला वळली.

"झालं ना? निघू दे त्याला," काका म्हणाले.

"आठही दिशा तपासल्याशिवाय नाही. चुकीच्या रस्त्यावर लवकर पोचून काय करायचंय, काका?"

त्यांनी एकेक दिशा तपासली. सगळ्या बरोबर आल्या. पूर्वेला मी खाणीकडे जाणारा रस्ता दाखवत होतो. मग काकांनी मुलीला सांगितलं, "समोर चालत राहा, बाळा. रस्ता आहे. गाडी उभी असेल."

दोघं खाली उतरली तेव्हा गाडी खरोखरच तिथे उभी होती. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या वडील चालकदादांना म्हणाले, "मी हिला विचारत होतो, खाली रस्ताच नसला तर? ही म्हणते, त्यांनी आहे म्हटलंय ना, मग चला!"

त्यानंतर माझ्या रेघेवर भरवसा ठेवून कितीतरी माणसं खाली उतरली. पुढे ताईंची बदली झाली. माझ्याकडचा नकाशा कोणी बदलला नाही. खाण बंद पडली, तिच्या रस्त्यावर दरड कोसळली, दगडांवर झुडपं माजली. माझ्या लेखी मात्र तो रस्ता अजून वाहता आहे. कोणी विचारलं, तर मी बेधडक तिकडेच बोट दाखवीन.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या माझ्यासमोर येऊन बसेल. त्याने आधी बाहेर पडावं, रस्ते बघून यावेत आणि माझा नकाशा ताजा करावा. ते जमणार नसेल, तर मला बंद करावं. माझी तक्रार नसेल. पण डोंगरावरचं माणूस माझ्या शब्दावर पाऊल टाकत असताना, खाली रस्ता असलाच पाहिजे.