सव्वा तासाचं माहेर

समीक्षाची सोयरीक जमली तर सगळ्यात जास्त फायदा तिच्या मामाचा होता. इंद्रभानला मध्यस्थाचा फेटा मिळणार होता, आणि बारावीत दोनदा अडकलेला त्याचा पोरगा हैदराबादेत व्याह्यांच्या कारखान्यात चिकटणार होता. म्हणून धाड गावी बहिणीच्या ओसरीवर बसून तो स्पीकरवर लावलेल्या फोनवरच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावत होता. फोनला मान दिसत नाही, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं.

समीक्षाच्या आईची, आशाबाईंची, एकच अट होती. लग्नानंतरचा पहिला आखाड पोरगी रीतीप्रमाणे माहेरी काढील, पुरा महिना.

"महिना कशाला, विहीणबाई?" पलीकडून मुलाचे वडील गजेंद्रराव हसले. "हैदराबाद ते संभाजीनगर विमानानं सव्वा तास. सकाळी येईल, तुमच्या हातची भाकर खाईल, संध्याकाळी परत."

"बरोबर हाय, बरोबर हाय," इंद्रभान म्हणाला.

समीक्षानं त्याच्या हातातून फोन काढून घेतला. "मग बैठकीले तुम्हीच तसे या ना, काका. सकाळी या, जेवा, सांजेच्या विमानानं जा. जमलं तं आखाड सोडला. नाही जमलं तं महिना माहा."

"बुडोते ही पोरगी मले," इंद्रभान पुटपुटला.

गजेंद्ररावांनी हसत हसत जायची-यायची तिकिटं एकाच दिवसाची काढली.

विमान अगदी वेळेवर उतरलं. न्यायला इंद्रभाननं गावातल्या कारभारी ड्रायव्हरची जीप धाडली होती, पण पुऱ्या भाड्याची नाही. "दोनच पाहुणे हायेत बे, वाटंत बाजाराची माणसं घेत ये," असं सांगून त्यानं आपले पैसे वाचवले होते. धाडचा बाजार त्याच दिवशी. फाट्याफाट्यावर जो हात दाखवील त्याला कारभारीनं आत घेतलं. पाहुणे दारात उतरले तेव्हा गजेंद्ररावांच्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती, आणि आत पुरणपोळ्या दुसऱ्यांदा गरम होत होत्या.

गजेंद्रराव घड्याळ बघत उभेच राहिले. "जेवण राहू द्या. लगेच निघावं लागेल."

"असं कसं काका? सव्वा तासाचं तं हाय," समीक्षा म्हणाली.

तेवढ्यात गजेंद्ररावांच्या पत्नी, शरयूबाई, पाय धुऊन सरळ पाटावर जाऊन बसल्या.

"शरयू, विमान चुकेल."

"चुकू द्या. माझं माहेर इकडचंच, हिवरा आश्रम. आधी तुम्ही म्हणायचे, रात्रीची गाडी आहे, कधीही जाशील. मग म्हणायला लागले, विमान आहे, कधीही जाशील. आईजवळ एक रात्र निजले नाही मी. आज इथं राहीन, उद्या तिथं. तुम्हाले जायचं तं जा. मले नाही जायचं."

इतक्या वर्षांत बायकोच्या तोंडून माहेरच्या बोलीतलं 'मले' त्यांनी ऐकलेलं नव्हतं. गजेंद्रराव शेजारच्या पाटावर बसले.

"महिना?" तूप वाढता वाढता आशाबाईंनी विचारलं.

"महिना," ते पोळीकडे बघत म्हणाले.

आता कुणी काय भरलं ते. परतीची दोन्ही तिकिटं गजेंद्ररावांची बुडाली. दुसऱ्या दिवशी हिवऱ्याला गेलेली जीप, पुऱ्या भाड्याची, इंद्रभानच्या खिशातून गेली. ती समीक्षानंच ठरवली होती. समीक्षानं काहीच भरलं नाही. तिच्या वाट्याचं शरयूबाई स्वतःचं लग्न झाल्यापासून भरत आल्या होत्या.