छत्रीनेही गेल्या गाठी

गाठीबाबांच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पुरुष माना खाली घालून रांगेत, त्यांच्या आया बाबांच्या पायांवर. मी दवाखान्यात ड्रेसर. बाबांना पाहिलं तरी माझं डोकं उठतं. पण आलो होतो ताईसाठी. सात वर्षं मूल नाही म्हणून तिच्या नाही नाही त्या तपासण्या झाल्या, दाजींची एकही नाही. दाजींच्या डाव्या अंडकोशात गाठींचं वेटोळं होतं आणि तिच्या सासूबाईंनी बजावलं होतं, "आता बाबा सांगतील तसंच होणार."

दाजी पडद्याआड टेबलावर आडवे झाले. बाबांनी तांब्याची कांडी फिरवली. "वेटोळ्या, सूट! कुळाच्या वैऱ्या, पळ! बाळा, चाचप."

"अरेच्चा! गेलं की!" दाजी ओरडले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"पुरुष निर्दोष!" बाबा गरजले. "वर्षात पाळणा हलला नाही तर सून बदला. याला आडवाच घरी न्या. नऊ दिवस हात लावायचा नाही!"

ताई पांढरीफटक पडली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आडवाच का? दाजी, उठा!"

"शाप लागेल!"

"मला लागू दे."

दाजी पाच मिनिटं उभे राहिले. पडद्यामागून रडका आवाज आला, "मेलं परत आलं रे!"

मी सासूबाईंची छत्री घेऊन पडद्याआड गेलो, दाजींना आडवं केलं आणि छत्री फिरवली. "आता?"

"गेलं!"

"छत्रीबाबांचा विजय असो!" मागून कुणीतरी ओरडलं. हॉल खो खो हसला. बाबांनी कांडी हळूच पिशवीत सारली.

"अहो, त्या गाठी नाहीत, फुगलेल्या शिरा आहेत," मी म्हणालो. "शिरांतल्या झडपा ढिल्या झाल्या की उभ्या माणसाचं रक्त खाली साचतं, आडवं झालं की निथळतं. वृषणांना लागतो थंडावा, साचलेल्या रक्ताने मिळते ऊब. मग शुक्राणू घटतात, मंदावतात, कधी वृषणही लहान राहतं. हे असूनही कित्येकांना मूल होतं. पण वीर्य तपासल्याशिवाय कळणार कसं? गरज पडली तर छोटं ऑपरेशन असतं, तेही खात्रीचं नाही. मूल होत नसेल तर दोघांनाही तपासा. कांडीला विचारून कुणाचा संसार मोडू नका."

दाजी पडद्याबाहेर आले. "आई, दोष माझ्यात असेल तर मला बदलणार का?"

सासूबाईंनी माझ्या हातातली छत्री हिसकावून घेतली. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनीच दाजींना दवाखान्यात ओढत आणलं आणि दारातूनच ओरडल्या, "डॉक्टर, याला आधी उभा करा हं!"