मागचा चौथा बोल्ट

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी हात आहे आणि म्हातारा झालो तरी हट्ट सोडलेला नाही. औसा रस्त्यावरच्या एका शेडमध्ये, जाड काचेच्या आत मी टांगलेला असतो. बाहेर माणसाने माझ्या दांड्याची मूठ वळवली की आत माझी बोटे वळतात.

अणुभट्टीत वापरून झालेल्या इंधनातून कामाचा भाग वेगळा काढणारा एक कारखाना उभा राहायचा होता. तो एकदा सुरू झाला की किरणोत्सारामुळे आत कुणालाच जाता येणार नव्हते. बिघडलेले भाग माझ्यासारख्या हातांनीच बदलायचे. ते जमते का, हे आमच्या शेडमधल्या हुबेहूब नकली खोलीत आधी तपासत. पण नकली खोलीत धोका नव्हता, आणि तिथेच घात होता. कुठे अडले की कुणीतरी आत शिरून पाना फिरवून येई आणि कागदावर ‘जमते’ असे लिहिले जाई.

जळकोटची मनिषा तपासणीला आली आणि तिने ही सवय मोडली. चाचणी सुरू झाली की ती दाराला कुलूप घाली आणि किल्ली खिशात ठेवी.

एके दिवशी पंपाचे तीन बोल्ट मी काढले. मागचा चौथा वीतभर लांब राहिला. मुख्य अधिकारी वैजनाथराव वैतागले.

“हात जुना झालाय, भंगारात काढा. आणि दार उघडून तेवढा बोल्ट काढून घे.”

आयुष्यभर राबून हे ऐकायचे? मला भयंकर राग आला.

मनिषाने सरावाच्या ताटलीतला ज्वारीचा एक दाणा माझ्याकडून उचलवला आणि काचेसमोर धरवला. दाण्याला ओरखडाही नव्हता.

“हात धड हाय, साहेब. पंपाची जागा चुकलीय. तिकडं खऱ्या कारखान्यात दार उघडायला तुमी जाणार का मी?”

“किल्ली दे. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

“न्हाई येणार. पण ‘जमत न्हाई’ असं लिहूनच जाईन.”

वैजनाथरावांनी तिला बाजूला सारून स्वतः मूठ धरली. अर्धा तास मी सगळे सांधे ताणले. बोल्ट वीतभर लांबच राहिला. शेवटी ते घाम पुसत उठले आणि कारखान्याच्या नकाशावरच्या पंपाच्या जागेवर त्यांनी लाल काट मारली.

पंप फिरवून बसवल्यावर तो चौथा बोल्ट मनिषाने आणि मी एका दमात काढला.

आता माझ्या सांध्यांत वेळेवर तेल पडत नाही. तेवढे घालत जा, मित्रांनो. आणि कुठल्याही हाताला निकामी म्हणण्याआधी दाराला कुलूप लावा, त्याची मूठ धरा आणि तो मागचा बोल्ट स्वतः काढून बघा.