मोठीबाईची मांडी

“तू ती नाहीस,” चिऊ म्हणाली आणि डबा छातीशी धरून मागे सरकली.

पाच महिन्यांच्या रजेनंतर मोठीबाई बालवाडीत मदतनीस म्हणून परतली होती. नाव मुलांनीच दिलेलं. आता ते तिला ढगळ होत होतं, अंगातल्या जुन्या एप्रनसारखं. शस्त्रक्रियेनं जठर लहान केल्यापासून बेचाळीस किलो गेले होते. रक्तदाबाची गोळी सुटली, गुडघे कुरकुरेनासे झाले. शिक्षिका हसून म्हणाली, “पंखा हळू लावते हो, उडून जाल.”

मोठीबाईही हसली, पण तिचं लक्ष चिऊकडे होतं. पूर्वी ही पोरगी दुपारी खुर्चीत तिच्या पोटावर डोकं टेकूनच झोपायची. या पाच महिन्यांत एकही दुपार झोपली नव्हती, असं शिक्षिका सांगत होती.

डबे उघडले, संपले. घंटा झाली तशी मुलं हात धुवायला पळाली. रोजच्यासारखी चिऊ एकटी अर्ध्या डब्यापाशी मागे राहिली. पूर्वी मोठीबाई पाच मिनिटांत जेवून तिच्या मागे लागायची, “आटप गं, किती चिवडशील?” आज तिचीही वाटी अर्धी भरलेली होती. घास पातळ होईपर्यंत चावायचा, मध्ये पाणी प्यायचं नाही, घाई केली तर उलटी.

चिऊ बराच वेळ बघत राहिली. “तुझं का नाही संपलं?”

“माझं पोट लहान झालंय.”

“माझ्याएवढं?”

“त्याहून लहान.”

“मग तुला कोण आटप म्हणतं?”

मोठीबाईचा घास तोंडातच थांबला.

“कोणी नाही,” ती म्हणाली. “तुलाही नाही म्हणणार आता.”

चिऊनं डबा जवळ सरकवला. दोघी चावत बसल्या.

झोपायच्या वेळी मोठीबाई सतरंजीवर मांडी घालून बसली. कित्येक वर्षांत ती जमिनीवर बसली नव्हती. बसलीच तर उठवायला दोन माणसं लागली असती. चिऊ आली, डोकं टेकलं, कूस बदलली, पुन्हा उठून बसली.

“टोचतंय.”

मोठीबाईनं अंगातला एप्रन काढून त्याच्या चार घड्या केल्या आणि मांडीवर ठेवला. चिऊनं तो हुंगला, गाल टेकला.

थोड्या वेळानं पायाला मुंग्या आल्या. आता तिला एकटीला उठता आलं असतं. ती उठली नाही.