सहा मिनिटांचा तास

साहेब, तुम्ही तासातली चौपन्न मिनिटं गिळलीत आणि वर कमरोद्दीनला अडाणी ठरवलंत.

कमरोद्दीन जालन्यात बॅटऱ्या भरून द्यायचा. मोटारींच्या, खेड्यांतल्या रेडिओंच्या. दहा वर्षं तेजाबानं बोटं सोलून घेतली. अठ्ठावन्न साली फर्मान निघालं : परीक्षा द्या, परवाना घ्या, न्हाईतर दुकानाला कुलूप.

तोंडी परीक्षा डाक बंगल्यात होती. वडीगोद्रीचा भुजंग पंचायतीच्या रेडिओची बॅटरी भरायला घेऊन आल्ता. दुकान बंद दिसलं, म्हणून बॅटरीसकट तोही बंगल्याच्या दाराशी येऊन बसला.

साहेबांनी सरकारी पुस्तक उघडलं. "एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिला, तर किती कूलंब?"

कमरोद्दीनला हायसं वाटलं. एक अँपिअर, एक सेकंद, झाला एक कूलंब. एवढं त्यानं उर्दू पुस्तकातून स्वतःच घोकलं होतं.

"छत्तीसशे, साहेब."

"चूक. तीनशे साठ."

"साठ मिन्टं, मिन्टाचे साठ सेकंद. छापणाऱ्यानं एक शून्य खाल्लं असंल, साहेब."

"सरकारी पुस्तक आहे हे!"

"तुमच्या मनगटावरचं घड्याळ तरी बघा की."

"घड्याळ माझं आहे. पुस्तक सरकारचं." साहेब जरा नरमले. माणूस वाईट नव्हता, दिवसभराचा घामेजलेला होता. "तीनशे साठ म्हणा, सही करून टाकतो."

भुजंग दारातून कुजबुजला, "म्हण ना भाई! शून्य काय तुझ्या बापाचं हाय?"

कमरोद्दीननं तोंड उघडलं. घरातली पाच लेकरं डोळ्यांपुढून गेली. मंग भुजंगाच्या पायाशी ठेवलेली बॅटरी दिसली.

"भुजंगराव, ह्या हिशोबानं तुमची बॅटरी तासाच्या जागी सहा मिन्टंच भरीन. चालंल? बातम्या सुरू व्हायच्या आत रेडिओ गप!"

भुजंगानं मान खाली घातली. "न्हाई बाबा... बराबर भर."

"छत्तीसशे," कमरोद्दीन म्हणाला.

साहेबांनी 'नापास' लिहिलं.

सोमवारी कुलूप लागलं. त्या कुलपापुढं बसूनच कमरोद्दीननं अर्ज लिहिला, खाली भुजंगानंही सही ठोकली. अर्जात परवाना मागितलेला न्हाई, दयासुद्धा न्हाई. एकच ओळ आहे : एका तासात सेकंद किती?

तीन महिने झाले, साहेब. आकडा लेखी द्या.