पाण्याचा बिगुल

शिवगंगाबाईंना उशीर खपत नसे. नोकरीच्या तीस वर्षांत त्यांनी बँडच्या पोरांना एक गोष्ट धडपणे शिकवली असेल तर ती वेळ. सूर ज्याच्या त्याच्या नशिबाप्रमाणे लागले. म्हणून निमंत्रणावर 'ठीक साडेसात' वाचून त्या चौसाळ्याहून पहिल्या एसटीने निघाल्या, मांजरसुंब्याला उतरून जीपमध्ये दाटीवाटीने बसल्या आणि लिंबागणेशच्या अलीकडच्या फाट्यावर, आपल्या जुन्या शाळेच्या दारात, सव्वासातला हजर झाल्या. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. वय सहासष्ट, गुडघे त्याहून थोडे म्हातारे.

आता दहा वाजले होते. एक मे, महाराष्ट्र दिन. झेंडा तेवढा वेळेवर चढला. त्यानंतर सगळं थांबलं होतं ते चेअरमन साहेबांसाठी.

एक मेला निकाल वाटायचा, बँड वाजवायचा आणि पोरांना उन्हाळ्याच्या सुट्टीवर सोडायचं, ही पद्धत बाईंनीच पाडलेली. ऊसतोडीला गेलेली माणसं तोवर घरी परतलेली असायची, त्यामुळे आईबाप पोरांचं वाजवणं ऐकायला यायचे. या कार्यक्रमात भाषण नावाचा प्रकार नव्हता. यंदा मात्र मांडवावर भलामोठा फलक लागला होता. त्यावर हात जोडलेला चेअरमनचा फोटो हातभर आणि 'बँडवादन' हा शब्द बोटभर. फलक वाचूनच बाईंच्या कपाळाला आठी पडली होती.

मांडव पाहुण्यांना होता. बाईंना मानाने पुढच्या खुर्चीत बसवलं होतं आणि समोरच्या टेबलावर पाण्याच्या बंद बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. बँडची बावीस पोरं-पोरी मात्र मैदानात, डोक्यावर काही नाही, गळ्यात ड्रम, अंगात बंद गळ्याचा लाल कोट. साहेबांची गाडी दिसली की स्वागताची चाल वाजवायची, म्हणून त्यांना जागा सोडायला मनाई होती. गाडी अडीच तास दिसली नव्हती.

दुष्काळाचं सलग तिसरं वर्ष. शाळेचा बोअर होळीआधीच आटला होता, माठ पालथे घालून ठेवले होते. उसाला पाणी नाही म्हणून कारखान्याची चिमणी थंड, आणि जनावरं चारा छावणीत गेल्यामुळे दूध संघाकडे टँकर उरले होते, दूध नव्हतं. त्याच दुधाच्या टँकरमधून आता संघ गावोगाव पाणी पोचवत होता. असा एक टँकर शाळेच्या लिंबाखाली सकाळपासून उभा होता, गच्च भरलेला. त्याच्या कॉकला झेंडूचा हार घातला होता. त्याच्यापुढे घागरी, हंडे, तेलाचे डबे यांची रांग पार फाटकाबाहेर गेली होती आणि बाया रांगेत बसून पदराने वारा घेत होत्या.

बाईंनी आपल्यासमोरची बाटली उचलली, मांडवातून उतरल्या आणि मोठा ड्रम वाजवणाऱ्या मुलीला नेऊन दिली. पोरगी सातवी-आठवीतली असेल. ड्रम तिच्यापेक्षा रुंद होता आणि ती उभ्या उभ्या हलायला लागली होती. तिने दोन घोट घेऊन बाटली शेजारी दिली. चौथ्या पोरापाशी ती संपली. तेवढ्यात मुख्याध्यापक धावत आले.

"बाई, कोट वले हुतील. फोटो काढायचाय साहेबांबरोबर."

"घामानं वले झालेत ते चालतेत का?" बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापक हसले. अडचणीच्या वेळी हसण्याची कला त्यांनी कमावली होती आणि तिच्याच जोरावर ते त्या खुर्चीत होते. बाईंना या माणसाच्या कानाखाली दोन वाजवाव्यात असं मनापासून वाटलं, पण त्या टँकरकडे गेल्या.

ड्रायव्हर मुंजाजी चाकाच्या सावलीत बसला होता.

"कॉक सोड," बाई म्हणाल्या. "आधी पोरांना पाजू."

मुंजाजी उठून उभा राहिला. "मला काय, मी आत्ता सोडला असता. पर साहेबानं सांगितलंय, नारळ फोडल्याबिगर थेंब सुटाया न्हाई पायजे. फोटो पेपरला द्यायचाय."

"पाणी काय साहेबाच्या घरचं हाय?"

"न्हाई. पर नोकरी हाय की."

रांगेत पहिली बसलेली चतुराबाई घागरीवर हात आपटून म्हणाली, "सहाला आलो बाई आमी. बिन नारळाचं पाणी पिलं तर काय पोट दुखंल व्हय आमचं?" तिच्या मागच्या बाया हसल्या. पण कॉकला हात लावायला कुणी उठलं नाही. उद्या पुन्हा टँकर लागणार होता, परवाही लागणार होता, आणि तो कोणत्या गावाला आधी जाणार हे एकच माणूस ठरवत होता.

तो माणूस म्हणजे चेअरमन सुंदरराव. संघही त्याचा आणि शाळेची संस्थाही त्याची. बाईंना तो आठवत होता तो आठवीतला, काटकुळा, तालाला बेताचा. ड्रम दिला तर पळायचा, झांज दिली तर मागे राहायचा, म्हणून बाईंनी त्याच्या हाती ट्रँगल दिला होता. त्यात फारसं काही बिघडवता येत नाही.

आणि बाईंना आणखी एक आठवत होतं. ते आठवायला नको म्हणून त्या सकाळी एकदा वाचल्यावर पुन्हा फलकाकडे बघत नव्हत्या.

शहाऐंशी साल. तोही दुष्काळ, तेही एक मे, हेच मैदान. तालुक्याचा कुणी साहेब यायचा होता आणि पोरं दोन तास उन्हात ताटकळली होती. साहेब आला, बँड सुरू झाला आणि दुसऱ्या चालीला सुंदर पडला. ट्रँगलवरच पडला, भुवई फुटली. बाईंनी हात वर केला होता बँड थांबवायला. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी नुसते डोळे वटारले आणि बाईंनी तो हात खाली न घेता त्याच हाताने ताल धरला. शिपायाने पोराला उचलून नेलं. बँड चाली संपेपर्यंत वाजत राहिला आणि साहेबाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची लाज बाईंना आज तीस वर्षांनीही वाटत होती.

त्या दिवसानंतर त्यांनी एक नियम केला. तीन चाली झाल्या, की समोर कोणीही बसलेला असो, पाण्याचा बिगुल वाजणार: तीन तुटक सूर आणि एक लांब. तो ऐकला की वाद्यं खाली, आणि पाण्याकडे रांग. चाली नसतील तर तासाला एकदा. बाई निवृत्त होईपर्यंत एकाही साहेबासाठी हा बिगुल चुकला नाही. त्यांच्यामागे बँड ज्याने घेतला तो गहिनीनाथही याच बिगुलावर वाढलेला, त्यांचाच विद्यार्थी. आजचं निमंत्रण त्यानेच धाडलं होतं. 'बाई, सगळं तुमच्यासारखंच चालू हाय,' असं त्याने खाली स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

बाई त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "गहिनीनाथ, पाण्याचा बिगुल कावून वाजला न्हाई?"

गहिनीनाथने मान खाली घातली. चाळिशीचा माणूस, कानाशी पांढरे झालेले केस. "बाई, आठ वर्सं झाली मला, तासाच्या पगारावर राबतोय. कायम करायची फाईल साहेबाच्या टेबलावर हाय. ह्या महिन्यात सही हुनार म्हनलेत."

"आणि ती पोरगी पडली म्हंजे?"

"येतीलच आता साहेब. मांजरसुंब्याला पोचलेत म्हनं. धाब्यावर चहाला थांबलेत."

चहाला थांबलेत. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी गहिनीनाथच्या काखेतला बिगुल ओढून घेतला, पदराने त्याचं तोंड पुसलं आणि फुंकला.

पण बिगुलाला ओठ लागतात, छाती लागते आणि समोरचे दात लागतात. बाईंचे समोरचे दात दोन वर्षांपूर्वी बीडच्या डॉक्टरने काढून कवळी बसवली होती. पहिला सूर म्हैस शिंकल्यासारखा निघाला. दुसरा त्याहून वाईट. तिसऱ्याला नुसती हवा. मांडवात कुणीतरी फिसकन हसलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे सूर दुरुस्त केलेल्या बाई मैदानाच्या मधोमध, लाल तोंडाने, तसाच पुन्हा फुंकत राहिल्या.

पोरांनी तो ओळखला. सूर कितीही वाकडे असले तरी तीन तुटक आणि एक लांब हे त्यांना पाठ होतं. बावीस माना वळल्या, पण बाईंकडे नाही, गहिनीनाथकडे. मुख्याध्यापक मांडवातूनच हात हलवून 'नको, नको' करत होते. मोठ्या ड्रमवाली पोरगी आता डोळे मिटून उभी होती.

गहिनीनाथने तिच्याकडे पाहिलं. मग बाईंच्या हातून बिगुल घेतला, अगदी हळू, सांडेल असं काही घेतल्यासारखा.

"ओठ सैल पडले तुमचे, बाई," तो म्हणाला आणि त्याने बिगुल तोंडाला लावला.

तीन तुटक, एक लांब. स्वच्छ आणि खणखणीत, फाटकाबाहेरच्या रांगेच्या शेवटापर्यंत. वाद्यं धडाधड खाली ठेवली गेली आणि पोरं रांगेने टँकरकडे निघाली. मुंजाजी एकदा फाटकाकडे बघून म्हणाला, "म्या आडवलं न्हाई म्हनू नका, लई पोरं हुती म्हना," आणि त्याने हार बाजूला सारून कॉक सोडला. पोरांनी ओंजळी धरल्या. पाण्याला दुधाचा आंबूस वास होता, पण एकाही पोराने तोंड वाकडं केलं नाही. त्यांच्या मागोमाग बायांच्या घागरी लागल्या. चतुराबाईने पहिली भरलेली घागर घरी न नेता बँडच्या जागेवर आणून ठेवली आणि वर तांब्या उपडा घातला.

सुंदररावाची गाडी आली तेव्हा टँकर अर्धा झाला होता आणि स्वागताला मैदानात बावीस वाद्यं होती, माणूस एकही नव्हता. सुंदरराव उतरला. पांढरे कपडे, हातात शेंडीचा नारळ, डाव्या भुवईत जुनी फट.

"कॉक कुनी सोडला?"

मुंजाजी जमिनीकडे बघू लागला. गहिनीनाथ पुढे झाला. "बिगुल मी वाजवला, साहेब."

"मी वाजवायला लावला," बाई मधे पडल्या. "तुझी पोरं अडीच तास उन्हात, भरला टँकर पुढं, आणि तू धाब्यावर चहा पीत बसलास. तुला लाज वाटाया पायजे, सुंदर. दुसऱ्या कुनाला न्हाई समजलं तर चालंल. तुला समजाया पायजे हुतं."

त्याला 'सुंदर' म्हणणारं माणूस तालुक्यात फारसं उरलं नसावं. त्याचा हात भुवईकडे गेला.

"मी पडलो तवा बँड थांबला न्हवता, बाई," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मला सगळं ऐकू येत हुतं. शेवटपर्यंत वाजवलात तुमी."

बाईंना हे कुणीतरी कधीतरी बोलेल हे माहीत होतं. त्यांनी नजर वळवली नाही.

"व्हय. वाजवला. भ्याले हुते मी. ते चुकलं माझं, आणि तीस वर्सं मी ते फेडतेय. तू मातर तेच शिकलास, फकस्त खुर्चीत बसून."

सुंदररावाला यावर बोलायचं असेल, पण फोटोवाला पुढे आला. मग रीतसर नारळ फुटला, चाकावर. टाळ्या मांडवातून आल्या. बायांचे हात घागरींना गुंतले होते. सुंदररावाचं भाषणही झालं. संघाने पाजलेल्या पाण्याचा त्यात तीनदा उल्लेख होता. खाली उतरताना तो गहिनीनाथपाशी थांबला आणि म्हणाला, "तुझ्या फाईलचं बघू मग." हे 'बघू' त्या टेबलावर आठ वर्षं पडून होतं. आता ते तिथंच राहणार हे त्या दोघांना आणि बाईंनाही कळलं. बाईंना वाटलं, आपण सकाळी घरीच बसलो असतो तर या माणसाची सही झाली असती. मग त्यांना याचाच जास्त संताप आला, की सही आणि पाणी यांतलं एकच मिळावं असं कुणी ठरवून ठेवलंय.

बँड सुरू झाला. पोरं ताजी झाली होती. पहिली चाल स्वागताची, दुसरी संचलनाची, तिसरी बाईंनी स्वतः बसवलेली. मोठा ड्रम थोडा पळत होता. बाई खुर्चीच्या हातावर बोटाने त्याला मागे ओढत होत्या. सुंदरराव मधल्या खुर्चीत बसून मुख्याध्यापकांच्या कानाशी काही बोलत होता.

तिसरी चाल संपली. चौथ्या चालीचं नाव पुकारायला मुख्याध्यापक माईककडे निघाले. गहिनीनाथने एकदा मधल्या खुर्चीकडे पाहिलं, नीट, सावकाश पाहिलं. मग बिगुल उचलला आणि कुणी न सांगता वाजवला. तीन तुटक, एक लांब.

पोरं वाद्यं ठेवून चतुराबाईच्या घागरीकडे गेली. मुख्याध्यापक माईक धरून तसेच उभे राहिले. बाई मांडवातून उतरल्या, रांगेत शेवटच्या पोरीमागे उभ्या राहिल्या आणि आपली पाळी आल्यावर तांब्याभर पाणी प्यायल्या.