बिनपावडरीचा फेस

एकतीस वर्षं मी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काढली. शेवटची नऊ वर्षं तर तिथली मुकादमीण होते. रक्त, मलम, औषधं, काय वाटेल ते लागलेल्या चादरी माझ्या हाताखालून गेल्या आणि पांढऱ्याशुभ्र होऊन वॉर्डात परतल्या. आणि मला कपडे धुवायला शिकवणार कोण, तर माझ्याच घरातली माणसं!

झालं असं, मशीनच्या पावडरीचे भाव चढत चालले होते. एका रविवारी जेवताना मी जाहीर केलं, "उद्यापासून एका धुण्याला अर्धंच माप. फेस बघून खूश होऊ नका, मळ पाण्यानं आणि घुसळण्यानं निघतो." ह्यांनी मान डोलावली. चिरंजीव म्हणाले, "आई, तू म्हणशील तसं." सूनबाई नुसती हसली. मला वाटलं, वा, किती गुणी माणसं आहेत.

कसली गुणी! महिनाभर पुरणारा डबा आठ दिवसांत खडखडीत. पुढचा तर सातच दिवसांत.

"आई, बचत जोरात चाललीय हं," चिरंजीवांनी टोमणा मारला.

अर्धं माप माझ्या हातानं टाकत होते, आणि रिकामा डबाही समोर होता. म्हातारपणी आपलंच काही चुकतंय की काय, अशी शंका मला पहिल्यांदा चाटून गेली. खोटं कशाला बोलू, घाबरले मी.

त्यातच आमची बबडी, चार वर्षांची नात, अंग खाजवायला लागली. मान, कोपराची लवण, कंबर, सगळं लालेलाल. खाजवून खाजवून पोरगी रडकुंडीला आलेली. आम्ही तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी मलम दिलं आणि सहज विचारलं, "कपडे नीट धुतले जातात ना?" सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, राग मानू नका. पण अर्ध्या मापात कपडे निघत नाहीत. सोमवारपासून सगळं बाहेर लॉन्ड्रीत देते. तुम्ही आता आराम करा."

आराम करा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लॉन्ड्रीत कपडे जाणार म्हणजे माझ्या हातचं धुणं पोरीला बाधलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकल्यासारखंच होतं. एकतीस वर्षांची कमाई धुऊन निघाली की हो! ती जाऊ दे, पण पोरीच्या मानेकडे बघवत नव्हतं.

मी तिचा टॉवेल उचलला. पुठ्ठ्यासारखा ताठ. पाण्यात भिजवून बोटांत चोळला, तर बुळबुळीत लागला. ही बुळबुळ माझ्या ओळखीची. धुलाईखान्यात नवी बाई आली की पहिल्या आठवड्यात अशा चादरी काढायची, आणि मी त्या तिच्या पुढ्यात परत टाकायची.

"या रे सगळे इकडे!" मी हाक मारली.

मशीनसमोर तिघांना उभं केलं. कपाटातले धुतलेले, घडी घातलेले टॉवेल आत टाकले. पावडरीचा खण पुसून कोरडा केला आणि उघडून सगळ्यांना दाखवला. "काही आहे यात?"

"काही नाही," हे म्हणाले.

बटण दाबलं. पाच मिनिटं टॉवेल नुसते गरगरत होते. चिरंजीव मोबाइल काढणार, एवढ्यात काचेच्या दारामागे पांढरी रेघ उमटली. रेघेचा पट्टा झाला, आणि बघता बघता अर्धी काच फेसानं भरली. नुसत्या पाण्यात! बबडी टाळ्या पिटायला लागली.

"मी अर्धं माप टाकते," मी म्हणाले. "एवढा साबण कपड्यांत आला कुठून?"

ह्यांनी घसा खाकरला. "तू बटण दाबून वळलीस ना, की मी... एकच माप गं. तू फार हात आखडता घेतेस असं वाटायचं."

"बाबा, तुम्हीपण?" चिरंजीव ओरडले आणि त्यांनी जीभ चावली. त्यांचंही रोजचं एक माप निघालं.

सूनबाई खाली बघत म्हणाली, "मी दीड."

म्हणजे माझं अर्धं, आणि वर साडेतीन मापं या दीडशहाण्यांची! एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. पाणी तेवढंच, ते बिचारं कितीक साबण काढणार? सगळा कपड्यांतच बसला, आणि पोरीच्या अंगाला लागला. मी अशी भडकले, अशी भडकले, की हे गुपचूप गॅलरीत जाऊन उभे राहिले. सूनबाईच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. "मीच केलं हो हे तिला," ती म्हणाली. मग माझा राग कुठे टिकतोय! तिला म्हटलं, "चल, पदर खोच. मलम राहू दे, कपडे धुऊ."

घरातलं फडकंन् फडकं काढलं. पोरीच्या कपड्यांना तीन-तीन पाणी, तेही फेस पूर्ण जाईपर्यंत. त्यानंतर अर्धं माप म्हणजे अर्धंच. डबा आता दोन महिने जातो. आणि पाचव्या दिवशी बबडीची मान स्वच्छ.

ठरल्या दिवशी पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पोरीची मान पाहिली, कोपर पाहिलं. "छान. मलमाचा गुण आला."

"मलम लावलंच नाही," सूनबाई म्हणाली. आजवर कुणी विचारलं तर ती 'सासूबाई हॉस्पिटलात होत्या' एवढंच सांगायची, म्हणजे समोरच्याला नर्स वाटावं. त्या दिवशी ताठ मानेनं म्हणाली, "आमच्या आई धुलाईखान्यात मुकादम होत्या. त्यांनी बरं केलं."

माझा ऊर असा भरून आला म्हणून सांगू!

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "आजी, माझ्याकडे अशी मुलं रोज येतात. काय काय केलंत, जरा सांगाल?"

मी खुर्ची पुढे ओढली. म्हटलं, "लिहून घ्या."

त्यांनी पेन उघडलं.